मैत्रीण पुन्हा नवऱ्याकडे नांदायला गेली. मी आता काय करू?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचते आहे, लिहिते आहे पहिल्यांदाच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माझी मैत्रीण कॉलेजपासूनची. डी.एड. केलेलं, शाळेत लागलीही होती, लग्नानंतर सोडायला लावली. सासर मिरजेत, सात वर्षांची मुलगी आहे. नवऱ्याचा गाड्यांचा धंदा, चार लोकांत मान आहे. तो दारू पीत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण कुणालाही सांगायला गेलं की पहिला प्रश्न तोच येतो, "पितो का?" पीत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, मग एवढं काय असणार.

मारतो. गौरी जेवणाच्या दिवशी घरात पाहुणे असताना मोबाइल फेकून मारला, कपाळाला टाके पडले. ती माहेरी आली, मग काही दिवस माझ्याकडे राहिली. त्यानंतर बैठक बसली. त्याचे मामा, हिचे चुलते, गावातले दोन वजनदार लोक. चहा झाला. त्याने सगळ्यांसमोर हात जोडले, सासऱ्यांच्या पाया पडला, "पुन्हा हात उचलणार नाही" असं कागदावर लिहून सही केली. ती गेली. दिवाळीनंतर पुन्हा तेच. संक्रांतीला माहेरी आली ती राहिलीच.

आता अधिक महिन्यात तिच्या वडिलांनी जावयाला धोंड्याचं जेवण केलं. मी तिच्या आईबरोबर स्वयंपाकघरात होते. तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा, जावयाला पोशाख. मी म्हटलं, "काकू, ज्याने हिचं कपाळ फोडलं त्याला वाण?" पुरण वाटता वाटता त्या म्हणाल्या, "सवाष्ण पोर घरात बसलेली बघवत नाही गं मला." संध्याकाळी ती त्याच्या गाडीत बसून गेली. निघताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता तिचा फोन तोच उचलतो. जावेच्या मोबाइलवरून तिचा एकच मेसेज आला, "सगळं छान आहे, काही दिवस फोन करू नकोस." माझे यजमान म्हणतात, तिने ठरवलंय, तू मध्ये पडू नकोस. मला त्याच्यापेक्षा तिचाच राग येतोय आणि रात्री झोप लागत नाही. तिला न विचारता तक्रार करू का? संपर्क ठेवायचा तर कसा? आणि अजून एक. मागे ती बोलता बोलता म्हणाली होती की एकदा त्याने गळा दाबला होता. लगेच विषय बदलला. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

देशपांडे_सोलापूर

ताई, कडू वाटेल, पण स्पष्ट लिहितो. शिकलेली बाई आहे, माहेर आहे, तुमच्यासारखी मैत्रीण आहे. तरीही जाते म्हणजे तिला तेच हवं आहे. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. उद्या दोघं एक होतील आणि वाईट तुम्ही ठराल.

अबोली

वरच्या प्रतिसादाला उत्तर देते, कारण परत जाणारी ती बाई मी आहे. मीही अनेकदा परत गेले.

देशपांडेकाका, मला तेच नको होतं. मला काय हवं होतं ते सांगते. मुलाची शाळा बदलायची नव्हती. माहेरी दोन खोल्या, त्यात भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. वहिनी वाईट नव्हती. पण सकाळी आंघोळीच्या पाण्यावरून तिचा चेहरा बघितला की आपण इथे किती दिवसांच्या पाहुण्या आहोत ते कुणी सांगावं लागत नाही. रेशनकार्डावर माझं नाव सासरी. बँकेत खातं माझं, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. धाकट्या बहिणीचं स्थळ बघणं चाललेलं, आणि "मोठी घरी आलीय" हे पाहुण्यांना कसं सांगायचं यावर आईबाबा कुजबुजायचे.

आणि तो यायचा आणि रडायचा. खोटं रडायचा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मारल्यानंतरचे पंधरा-वीस दिवस तो मला लग्न ठरल्यानंतर भेटायचा तसा असायचा. भाजी आणायचा, माझ्या आईला फोन करून तब्येत विचारायचा, मुलाला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. मी त्या माणसाकडे परत जायचे. तो महिनाभरही टिकत नाही हे माझ्या मनाला पटायला वर्षं लागली, आणि ती वर्षं मला कुणी उसनी देऊ शकलं नसतं.

तुमची मैत्रीण जाताना तुमच्याकडे बघत नाही ना? मीही बघायचे नाही. ज्या माणसाने आपल्यासाठी सगळं केलं, त्याच्यासमोरून उलटं चालत जायचं म्हणजे मान वर होत नाही.

आता माझ्या मैत्रिणीने काय केलं ते सांगते. तुम्हाला उपयोग होईल.

तिने माझ्यासमोर त्याला कधी शिव्या दिल्या नाहीत. बाकी सगळे द्यायचे, आणि मग मीच त्याची बाजू घेऊन भांडायचे. ती वेगळंच विचारायची. रात्री झोप लागते का? मुलगा कुठे झोपतो? घराची किल्ली कुणाकडे असते? उत्तरं देता देता मलाच माझं घर दिसायला लागलं.

तिने आमच्या गल्लीत भिशी सुरू केली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दारात यायची. सासूच्या लेखी ती भिशीवाली. सासूशी गुडघेदुखीवर बोलायची, मग माझ्याकडून पैसे घ्यायची, वहीत सही घ्यायची. जेमतेम पाच मिनिटं. त्या वहीच्या पुठ्ठ्याच्या कव्हरात मी दरवेळी एकेक कागद सरकवायचे. आधी मुलाचा जन्मदाखला. मग माझं आधार कार्ड, दहावी-बारावीचे मार्कलिस्ट, लग्नाची पत्रिका, दागिन्यांच्या पावत्या. ती झेरॉक्स काढून पुढच्या खेपेला मूळ कागद परत द्यायची, म्हणजे कपाटात काही हललंय असं त्याला दिसायला नको. पोस्टात माझ्या नावाचं खातं उघडलं, पासबुक तिच्याकडे.

आमचा शब्दही ठरला होता. "ब्लाउजची बाही उसवलीय" म्हणजे रिक्षा पाठव. "ब्लाउज फाटलाय" म्हणजे पोलिसांना फोन कर. दुसरा शब्द वापरायची वेळ आली नाही.

मी निघाले त्या दिवशी मला मार बसला नव्हता. मुलगा आमच्या मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याला बसली. संध्याकाळी मी बाहीचा निरोप पाठवला. तिच्या घरी पोचले तेव्हा "मी सांगत होते ना" हे ती बोलली नाही. आमच्यासाठी भात टाकला आणि मुलाला विचारलं, वरण हवं की दूध. आज मी इचलकरंजीत कपड्यांच्या युनिटमध्ये सुपरवायझर आहे, मुलगा अकरावीला आहे. ती "तुझं तू बघ" म्हणाली असती तर मी बाहीचा निरोप कुणाला पाठवला असता?

उंबरठा_ओलांडताना

मी पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं. हे कक्ष टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 साली मुंबई पोलिसांबरोबर सुरू केले, आता राज्यभर आहेत. अबोलीताईंनी लिहिलंय त्यात माझी भर कमीच, पण काही गोष्टी कायद्याच्या आणि जिवाच्या आहेत.

सगळ्यात आधी गळ्याचं. कृष्णाकाठ, ते तुमच्या डोक्यातून जात नाही हे बरोबरच आहे. कपाळाच्या टाक्यांपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असं दिसलं की जोडीदाराने आधी कधी गळा दाबलेल्या बाईचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो. गळ्यावर वळ दिसतीलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, काही क्षण शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं, यातलं काही झालं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आतल्या रक्तवाहिनीला इजा असली तर त्रास काही दिवसांनीही होतो. भेटाल तेव्हा "गळा दाबला होता का" एवढं साधं विचारा. बायका याला मारहाणीत धरत नाहीत, म्हणून आपणहून सांगत नाहीत.

तिला न विचारता तक्रार करावी का? कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात कलम 4 आहे. हिंसा होते आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने कळवलं तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. म्हणजे तुम्हाला अधिकार आहे. पण आज, ती नको म्हणत असताना, तो वापरू नका असं मी म्हणेन. कुणीतरी दारात जाऊन चौकशी करून निघून येईल आणि त्या रात्री घरात ती आणि तो असतील. शिवाय त्याला कळेल की हे तुमच्याकडून आलं, आणि तिचं उरलेलं एक दार बंद होईल. याला अपवाद एकच. आरडाओरडा ऐकू येतोय, जिवावर बेतलंय असं कळलं, तर कुणाला विचारत बसू नका. थेट 112.

परत गेली म्हणजे तिचा हक्क संपला असं तिचे चुलते सांगतील. ते खरं नाही. या कायद्याखाली त्याच घरात राहूनही तिला संरक्षणाचा आदेश मागता येतो. तो आदेश त्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ती तिथे नांदली असेल तर राहण्याचा हक्क मागू शकते, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. वकिलाच्या फीचीही अडचण नाही. 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. रात्री-अपरात्री बाहेर पडावं लागलं तर 181 ला फोन करायचा. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता आसरा मिळतो, साधारण पाच दिवस.

आणि बैठकीतला तो कागद! त्याने स्वतःच्या सहीने "पुन्हा हात उचलणार नाही" असं लिहून दिलंय. म्हणजे आधी उचलला होता, हे त्याच्याच अक्षरात आहे. तो कुणाकडे आहे ते शोधा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. टाके घातले त्या दवाखान्याचा केसपेपरही. मी कितीतरी बैठका पाहिल्या, कागद नेहमी एखाद्या काकांच्या टेबलाच्या खणात पडलेला असतो आणि तो पुरावा आहे हे कुणाच्या गावी नसतं.

मेसेजवर काही सल्ला पाठवू नका. तिचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या दुसऱ्या फोनला किंवा कॉम्प्युटरला जोडलेलं असू शकतं.

देशपांडेसाहेब, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम 14 टक्के बायकांनी कुणाचीतरी मदत मागितली होती. या मुलीने मागितली, आणि एकदा नाही. तिला तेच हवं असतं तर ती कृष्णाकाठच्या दारात आली नसती.

कृष्णाकाठ (सांगली)

तुम्हा दोघींचे आभार कसे मानू कळत नाही. अबोलीताई, तुमचं लिहिलेलं यजमानांना वाचायला दिलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच चुलत्यांकडे जाऊन आले. कागद मिळाला, खणातच होता. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवलेत. केसपेपर काकूंकडे आहे म्हणतात, तो आणते.

माझी आत्या मिरजेत तिच्याच पेठेत राहते. वटपौर्णिमेला तिथल्या बायका देवळामागच्या वडाला जातात, तीही सासूबरोबर येणारच. मी आत्याकडे जाऊन तिथे गाठ घालावी म्हणते. तिला बघून तोंडातून राग निघू नये एवढीच धास्ती आहे. काय बोलू? आणि मुलीला काही शिकवून ठेवावं का? ती सगळं बघते.

अबोली

जा, पण एकट्या जाऊ नका, आत्या आणि अजून एखादी बरोबर असू दे. वाण आधी सासूला द्या, हळद-कुंकू लावा, नमस्कार करा, तब्येत विचारा. मगच मैत्रिणीकडे वळा. पहिल्या भेटीत त्याचं नाव काढू नका, "परत का गेलीस" तर अजिबातच नको. "तू कधीही ये, कितीही वेळा ये, मला कारण सांगायची गरज नाही" एवढंच कानात सांगा. पुढच्या भेटीचं निमित्त सासूच्या देखत ठरवा, आत्याकडे पापड लाटायला बोलवा, काहीही. बाहीसारखा शब्द दुसऱ्या भेटीत. गळ्याचं विचारायचं ते मात्र लांबवू नका, आत्याकडे एकटी सापडली की विचारा.

राग आला तर तो इथे येऊन लिहा, आम्ही वाचू.

उंबरठा_ओलांडताना

मुलीबद्दल. तिला दोन गोष्टी सांगायला मैत्रिणीलाच सुचवा, तुम्ही परस्पर सांगू नका. भांडण सुरू झालं की मध्ये यायचं नाही आणि स्वयंपाकघरात जायचं नाही, तिथे सुऱ्या असतात. सरळ शेजारच्या ठरलेल्या काकूंकडे जायचं. त्या काकू कोण, हे आधी ठरवून त्यांच्या कानावर घातलेलं हवं. 112 आणि आजीचा नंबर तोंडपाठ हवा, कवितेसारखा म्हणून घ्या. आणि "आईला वाचवायचं काम तुझं नाही" हे आईने तिला स्वतः सांगायला हवं. सात वर्षांच्या पोरी ते मनावर घेऊन बसतात.

केसपेपर मिळाला की त्यावरची तारीख आणि इजेचं वर्णन वाचून इथे कळवा. "पडून लागलं" असं लिहिलेलं असेल तरी घाबरू नका, बहुतेक वेळा तसंच असतं. मग बैठकीच्या कागदावरची तारीख जास्त कामाला येते.