अनुभव धागा : सावली आपली एक, त्यांच्या दोन

धरमपेठची सून
मे महिना, पारा 45 च्या वर. लंडनहून आलेल्या साहेबांना ऑफिसच्या दारात उतरवून घेतलं आणि रुबाबात सांगितलं, "वुई विल कीप द कार इन द शॅडो." साहेबांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हूज शॅडो?" उन्हापासून आडोसा मिळतो ती शेड, खांबाची, माणसाची जमिनीवर पडते ती शॅडो. घरी येऊन शब्दकोश काढला तर दोन्ही जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाची रूपं निघाली. म्हणजे सावली त्यांचीही कधीकाळी एकच होती! तुमची कुठे फजिती झाली, लिहा. परीक्षेतल्या गाळलेल्या जागा नकोत. घरातलं, धंद्यातलं सांगा.

इतवारीचा शटरवाला
ताई, तुमची फजिती फुकटात झाली, मला पैसे मोजावे लागले. दुकानाचा विमा काढला होता, वर ठळक अक्षरात बर्गलरी. मी समजलो, चोरीलाच वजनदार शब्द असेल. दिवाळीच्या तोंडावर मागच्या दाराने माल गेला. त्या रात्री पोऱ्याने दार लावलंच नव्हतं. सर्व्हेअर आला. त्याने कडी पाहिली, कोयंडा पाहिला, चौकटीवरून बोट फिरवलं. ओरखडा नाही. "ही थेफ्ट आहे, बर्गलरी नाही." दावा नामंजूर. मोडतोड करून आत शिरल्याची खूण पाहिजे, हे बारीक अक्षरात छापलेलं होतंच.

चौकीतला हवालदार म्हणाला, "शेठ, मराठीत समजून घेतलं असतं तं वाचले असते. चोरी वेगळी, घरफोडी वेगळी." खरंच की! पेपरात रोज वाचतो: चोरी, घरफोडी, जबरी चोरी, दरोडा. पाच किंवा जास्त जण असले की दरोडा, चारपर्यंत जबरी चोरी. आणि कायद्याच्या इंग्रजीत दरोड्याला म्हणतात डकॉइटी, म्हणजे आपल्या इकडची डकैतीच. आपला शब्द त्यांच्या कायद्यात जाऊन बसला न् मी त्यांच्या शब्दात फसलो.

तर्री जास्त
सावजीच्या हॉटेलात बंगळुरूच्या पाहुण्याने विचारलं, "इज इट हॉट?" म्हटलं, "व्हेरी हॉट सर, आत्ताच उतरवलं." पहिल्या घासाला कान लाल, तिसऱ्याला डोळे. हॉटमध्ये गरमही आलं न् तिखटही. स्पायसी म्हणावं तर मसाला भरपूर न् तिखट बेताचं, असंही चालतं. आता मी बोलतच नाही बाप्पा, कपाळाचा घाम पुसून दाखवतो.

काटोलचा बागायतदार
आमचा घोळ फळाच्या नावातच आहे. दलालामार्फत बाहेरच्या व्यापाऱ्याची मागणी आली, ऑरेंज पाहिजे. मी आंबिया बहाराच्या संत्र्याचे फोटो धाडले. तिकडून उत्तर, "हे मँडरिन आहे, ऑरेंज दाखवा." मला वाटलं माणूस चेष्टा करून राहिला. पण तो बरोबर होता. सालीचा अंगरखा ढिला, बोटाने सुटतो, फोडी आपोआप मोकळ्या होतात, ते मँडरिन. आपलं संत्रं त्यातलंच. स्वीट ऑरेंज म्हणजे साल चिकटलेली, सुरी लागते ती. म्हणजे आपली मोसंबी! आणि गंमत अशी की 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते 'नागपूर ऑरेंज' या नावानेच. बरं, ऑरेंज हा शब्दही मुळात आपल्या नारंगावरूनच फारसी, अरबी, फ्रेंच असा फिरत तिकडे पोचला, वाटेत सुरुवातीचा न गळाला. सौदा झाला नाही. माल कळमन्याच्या बाजारात गेला.

निवृत्त सिस्टर
हसण्यासारखं नाही, पण लिहिते. आपल्याकडे सगळ्यालाच "ऊन लागलं" म्हणतात. एका दुपारी शेजारच्या सुनेचा फोन, "काकू, बाबांना जरा हीट एक्झॉशन झालंय, सरबत देऊन राहिले." विचारलं, बोलतात का? "बोलतात, पण काहीच्या काही. आईला हाका मारून राहिले." आई जाऊन तीस वर्षं झालेली. मी चपला न घालता धावले. अंग तव्यासारखं, घामाचा थेंब नाही. तो हीट स्ट्रोक होता. एक्झॉशनमध्ये माणूस घामाने ओला, गळालेला असतो पण भानावर असतो. सावलीत झोपवा, पाणी द्या, सावरतो. भान सुटलं, ताप 40 अंशांच्या वर गेला की तो हीट स्ट्रोक. अशाला तोंडाने सरबत पाजायचं नाही, ठसका लागून छातीत जातं. ओल्या चादरी, पंखा आणि ॲम्ब्युलन्स. आजोबा वाचले. सून अजून म्हणते, शब्द मी गूगलवर पाहूनच बोलले होते.

धरमपेठची सून
सिस्टर, तुमचं वाचून शेड-शॅडो फारच हलकं वाटून राहिलं.

महालातला पेंटर
हलकं पाहिजे तं घ्या. एका वह्या-पेनवाल्याची पाटी रंगवली, स्टेशनरीत शेवटून तिसरं अक्षर ई ऐवजी ए पडलं. तसं लिहिलं की अर्थ होतो जागचं न हलणारं. एका कॉलेजच्या पोरीने दाखवून दिलं. मी डबा घेऊन दुरुस्त करायला गेलो. मालक म्हणे, "राहू दे. 40 वर्षांत दुकान हललं का कुठे?" मागाहून त्याच पोरीने सांगितलं, मुळात शब्द एकच. फिरून विकणारे वेगळे आणि एका जागी दुकान मांडून बसणारा तो स्टेशनर. मराठी पाटीवर तर दोन्ही सारखंच दिसतं. ए तसाच आहे, फक्त पावसाने थोडा उडालाय.