मदत हवी आहे : परवा फोटोसेशन आहे, काय घालू आणि चष्म्याचं काय करू?

नागलीवाली | मंगळवार, रात्री ९:४०

परवा गुरुवारी सकाळी ११ ला व्यवसायासाठी प्रोफेशनल फोटो काढायचे आहेत. फोटोग्राफर फोनवर एवढंच म्हणाला, "प्लेन कपडे घालून या, बॅकग्राउंड पांढरा आहे." तासभर कपाटासमोर बसले आहे. मोहरी रंगाची इरकल काढली, बाटली हिरवा कुर्ता काढला, भाचीचा काळा ब्लेझरही आणून ठेवलाय. चष्मा ठेवू की काढू? उद्या पार्लरला जाऊन फेशिअल करून येऊ का? याआधी दोनदा असे फोटो काढले, दोन्ही वेळा पैसे गेले आणि एकही फोटो वापरता आला नाही. फाइल शनिवारी प्रिंटला जायची आहे. कृपया लवकर सांगा.

खिडकीतला_उजेड | ९:५२

फोटो जाणार कुठे? वेबसाइट, व्हिजिटिंग कार्ड, बॅनर? व्यवसाय काय? मागच्या दोन वेळी नेमकं काय बिघडलं? हे कळल्याशिवाय साडी की ब्लेझर ते कसं सांगणार?

तवा_परात | ९:५८

बाकीचं मला कळत नाही, पण उद्या फेशिअल अजिबात करू नका. ब्लीच तर नाहीच. भावाच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी मी ब्लीच केलं होतं, दुसऱ्या दिवशी गालभर पुरळ. प्रत्येक फोटोत मी मान खाली घालून उभी आहे. हे सगळं चार-पाच दिवस आधी करायचं असतं. आता थ्रेडिंगही राहू द्या, भुवयांवर लाली राहते. आणि त्या दिवशी सनस्क्रीन लावू नका. झिंक ऑक्साइडवालं असेल तर फ्लॅशमध्ये चेहरा राख फासल्यासारखा पांढरा येतो. एक साधा कॉम्पॅक्ट आणि टिपकागद पर्समध्ये ठेवा, कपाळ आणि नाक पुसायला.

तिसरा_मजला | १०:०५

काळा ब्लेझर, आत पांढरा शर्ट. डोळे मिटून. आमच्या कंपनीत सगळ्यांचे फोटो असेच आहेत. माणूस गंभीरपणे काम करतो हे एका नजरेत कळतं. साडीत तो प्रोफेशनल लुक येत नाही.

तवा_परात | १०:०९

साडी नेसून बँका चालवल्यात बायकांनी. प्रोफेशनल दिसायला भाचीचा ब्लेझर कशाला लागतो? उसना ब्लेझर खांद्यात बसत नाही आणि ते फोटोत आधी दिसतं.

नागलीवाली | १०:२०

आयडीवरून कळेल असं वाटलं होतं. नाशिकला आमचा घरगुती उद्योग आहे. नागलीचं सत्त्व, भाजणी, मेतकूट, उन्हाळ्यात पापड आणि कुरडया. फोटो पाकिटावर जाणार आहे, आणि डिसेंबरातल्या प्रदर्शनाच्या स्टँडीवर (उभ्या बॅनरवर). पहिल्या वेळी चष्म्याच्या दोन्ही काचांत पांढरे चौकोन आले, डोळेच दिसत नव्हते. दुसऱ्या वेळी तो माणूस आमच्या कामाच्या खोलीत आला होता, तर चेहरा हिरवट आला. कावीळ झाल्यासारखी दिसत होते.

एफ_पाच_सहा | १०:३८

मी हेच काम करतो, १४ वर्षं झाली. चेहरा हिरवट आला त्यात तुमचा दोष नाही. खोलीतली ट्यूबलाइट चालू राहिली असणार आणि खिडकीतून दिवसाचा उजेडही येत असणार. कॅमेरा एका वेळी एकाच उजेडाचा रंग जुळवू शकतो. खिडकीचा उजेड जुळवला की ट्यूबचा हिरवट दिसतो. खोलीतले सगळे दिवे बंद करायचे, मग फक्त खिडकी किंवा फक्त फ्लॅश. पाच सेकंदांचं काम आहे, पण घाईत राहून जातं.

आता इरकल. ती प्लेन आहे की चौकड्याची? चष्म्याच्या काचा उन्हात काळपट होतात का? आणि फोटो स्टुडिओत आहे की पुन्हा तुमच्याच खोलीत?

नागलीवाली | १०:४४

बारीक चौकडा आहे. काचा उन्हात तपकिरी होतात, हो. या वेळी स्टुडिओ.

एफ_पाच_सहा | १०:५३

मग ती इरकल नको. साडी म्हणून नव्हे, चौकड्यासाठी. बारीक चौकडे आणि बारीक रेघा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लहरींसारख्या उमटतात. त्याला मॉइरे म्हणतात. फोटो लहान केला की त्या लहरी आणखी वाढतात, आणि पाकिटावर फोटो लहानच असणार. प्लेन सुती किंवा मऊ रेशमी साडी घ्या, काठ चालेल. मोठ्या जरीचा पदर चेहऱ्याजवळ नको, फ्लॅश पडला की जर चमकते. पाकिटाचा रंग कोणता?

चष्मिष्ट_७२ | ११:०२

चष्मा काढा, प्रश्न मिटला. नाहीतर चष्मेवाल्याकडून जुन्या फ्रेममधल्या काचा काढून घ्या. पाच मिनिटांत काढून देतो, पैसेही घेत नाही. मी पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या फोटोसाठी हेच केलं होतं. रिकामी फ्रेम लावली आहे हे आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

एफ_पाच_सहा | ११:१०

ताई रोज चष्मा लावत असतील तर काढायचा नाही. स्टॉलवर समोर उभ्या असलेल्या बाईला लोक पाकिटावरच्या फोटोवरून ओळखायला हवेत. चमक जाते. दिवा चेहऱ्याच्या बराच वर आणि बाजूला घ्यायचा, चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलायच्या म्हणजे काचा खाली झुकतात, हनुवटी जराशी खाली. एक फोटो काढून तिथल्या तिथे झूम करून बघायचा. काचा काढणं हा शेवटचा उपाय.

चष्मिष्ट_७२ | ११:१४

शेवटचा का? सगळ्यात सोपा तोच आहे. त्यांच्या काचा तपकिरी होतात असं त्यांनी स्वतःच लिहिलंय.

एफ_पाच_सहा | ११:१९

ऊन लागलं की होतात. अकराच्या उन्हातून रिक्षाने आल्या तर आल्या आल्या काचा रंगलेल्याच असणार. दहा मिनिटं आत बसलं की उतरतात. म्हणून ११ ची वेळ असेल तर पावणेअकराला पोचा. पण जुनी फ्रेम जवळ असू द्या, त्याला माझी हरकत नाही.

पूर्णांक | बुधवार, सकाळी ७:३०

मोबाइलच्या ॲपमध्ये दहा सेल्फी टाकल्या की एआय तासाभरात शंभर हेडशॉट देतो. ब्लेझर, साडी, हवं ते. फोटोग्राफरला हजारो रुपये कशाला द्यायचे?

खिडकीतला_उजेड | ७:४८

बहिणीने ते केलं होतं, तिचा शिवणक्लास आहे. ॲपने टिकली काढून टाकली, डाव्या गालावरचा तीळ पुसला आणि दात नवे बसवले. क्लासची चौकशी करायला आलेल्या बाईने तिलाच विचारलं, "मॅडम कधी येतील?" खाण्याच्या पाकिटावर तर असा चेहरा मुळीच नको. आतला माल कुणाच्या हातचा आहे हे सांगायलाच तो फोटो असतो.

सांगलीकर_अण्णा | ८:१५

थोडं अवांतर लिहितो. माझ्या वडिलांचा स्टुडिओ होता. नेगेटिव्ह एका तिरप्या काचेवर ठेवायचे, मागून उजेड सोडायचे आणि टोक काढलेल्या पेन्सिलीने डोळ्यांखालचे काळे भरायचे. पेन्सिलीचं टोक सुईसारखं लागे, ते पॉलिश पेपरवर घासून मी करून देत असे. नेगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागे तिथे प्रिंटवर उजळ येई. पण वडील सुरकुती कधी पूर्ण भरत नसत. "निम्मी ठेव, नाहीतर घरचे ओळखणार नाहीत," म्हणायचे. आता संगणकावर सगळंच पुसता येतं. तुमच्या फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा की त्या दिवशी आलेली पुटकुळी काढ, पण जन्मभर असलेलं काही काढू नकोस.

मुद्देसूद | ८:४०

मुळात पाकिटावर चेहरा हवाच का? माल चवीवर खपतो. तो खर्च पाउचच्या दर्जावर करा.

तिसरा_मजला | ८:५१

एमडीएचच्या प्रत्येक पाकिटावर फेटा बांधलेले महाशय धरमपाल गुलाटी होते. २०२० साली ते गेले, तरी मसाला म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांसमोर येतो. चेहऱ्याने विश्वास बसतो.

मुद्देसूद | ८:५८

ते टीव्हीवर स्वतः जाहिरात करत होते. घरगुती उद्योगाला ते उदाहरण लागू होत नाही.

उद्योगमित्र_नगर | ९:२०

एफएसएसएआयच्या (अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) अर्जाला मालकाचा पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो, ३५ बाय ४५ मिमी काढून घ्या. त्यांचा १४ अंकी नोंदणी क्रमांक पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर ऑनलाइन फुकट होते, कुणालाही पैसे देऊ नका.

नागलीवाली | ९:३५

नोंदणी आहे, क्रमांक छापलेला आहे. दादा, प्रश्न तो नाही.

पाकीट गडद हिरवं आहे. म्हणजे हिरवा कुर्ताही नको ना? बदामी रंगाची प्लेन साडी आहे, लाल काठाची. आणि सासूबाईंच्या पांढऱ्या नऊवारीला पांढरा बॅकग्राउंड चालेल का?

एफ_पाच_सहा | ९:४१

सासूबाई? फोटो दोघींचा आहे?

नागलीवाली | ९:४६

हो, दोघींचाच. पाककृती त्यांच्याच आहेत, ९ वर्षांपूर्वी त्यांनीच सुरू केलं. भाजणी अजून त्या स्वतः भाजतात, मला हात लावू देत नाहीत. मी लिहिलं नव्हतं का?

खिडकीतला_उजेड | ९:५०

नाही हो ताई! हे पहिल्याच ओळीत हवं होतं. कालपासून सगळे एकीचाच विचार करतायत.

एफ_पाच_सहा | १०:१५

मग बऱ्याच गोष्टी बदलतात. आजच फोटोग्राफरला फोन करा.

पहिलं म्हणजे बॅकग्राउंड. पांढरे केस, पांढरी नऊवारी आणि मागे पांढरा पडदा म्हणजे सासूबाईंच्या केसांची कडच राहणार नाही. हिरव्या पाकिटावर बसवायला फोटो कापला की डोकं कात्रीने कापल्यासारखं दिसेल. राखाडी बॅकग्राउंड मागा. त्याच्याकडे नसेल तर पांढऱ्या पडद्यावरचा दिवा बंद करून तुम्ही दोघी पडद्यापासून सात-आठ फूट पुढे या, पडदा आपोआप राखाडी दिसतो. फोटो कापून बसवणाऱ्या लेबलवाल्यालाही आधीच विचारा.

दुसरं, ठरलेलं पॅकेज एकीचं असेल तर वेळ दोघींचा मागा. पाच मिनिटांत आटपायचं म्हटलं तर सासूबाई अवघडून बसतील. त्यांना स्टूल नको, पाठ असलेली खुर्ची द्या. आधी त्यांचे एकटीचे काढा, मग दोघींचे, शेवटी तुमचे. वयस्क माणूस दमला की डोळे उतरतात.

तिसरं, पाकिटावर फोटो केवढा येणार?

नागलीवाली | १०:३०

लेबलवाला म्हणाला ३ सेंमी. स्टँडी ६ फूट बाय ३ फूट. सासूबाई फोटो काढताना हसत नाहीत, तोंडावर पदर धरतात. पुढचे दोन दात नाहीत. त्यांना हसवायचं कसं?

तवा_परात | १०:३४

हसवू नका. माझ्या आईला लग्नात सगळ्यांनी मिळून "हसा हसा" केलं तर ती रडायलाच लागली होती.

एफ_पाच_सहा | १०:४७

तवा_परातताईंशी सहमत. फक्त पदर खाली राहू द्या. हातांना काम द्या, मांडीवर परात ठेवली तरी चालेल, फ्रेममध्ये दिसणारच नाही.

३ सेंमीत दोन चेहरे म्हणजे प्रत्येक चेहरा नखाएवढा. मला तरी ते पटत नाही. लेबलवर एकीचा ठेवा आणि स्टँडीवर दोघींचा. लेबलला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) धरलं तरी साडेतीनशे पिक्सेल पुरतात, पण स्टँडीला दोन फूट रुंदीचा फोटो आणि इंचाला शंभरच ठिपके धरले तरी अडीच हजार पिक्सेल रुंद फाइल लागते. त्यामुळे फोटोग्राफरकडून मूळ आकाराची जेपेग मागा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून घेऊ नका, तो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर घ्या.

मुद्देसूद | ११:०५

रॉ फाइलीही (कॅमेऱ्यातल्या मूळ, काही न सुधारलेल्या) मागा. पैसे दिलेत, सगळं तुमचंच आहे.

एफ_पाच_सहा | ११:१२

रॉ सहसा कुणी देत नाही. तो कच्चा माल आहे. भाजणीऐवजी तुम्ही गिऱ्हाइकाला न भाजलेली डाळ देता का?

कलम_कसाई | ११:३०

दोन वेगळे मुद्दे आहेत. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ नुसार पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. फोटोग्राफरच्या पावतीवर किंवा फॉर्मवर बारीक अक्षरात "हक्क स्टुडिओकडे" असं असेल तर तोच करार. सही करण्याआधी वाचा. पाकिटावर, स्टँडीवर आणि जाहिरातीत वापरण्याची परवानगी आहे असं एका ओळीत लिहून घ्या. रॉ फाइल द्यायची की नाही हा मात्र व्यवहाराचा भाग आहे, तो आधी ठरवायचा.

नागलीवाली | दुपारी १२:१०

फोन केला. राखाडी पडदा आहे, अर्धा तास वाढवून दिला, ₹८०० जास्त घेणार. सगळ्यांचे आभार. ब्लेझर भाचीला परत दिला.

नागलीवाली | गुरुवार, रात्री ८:५५

आज झालं. पावणेअकराला पोचलो, काचा उतरेपर्यंत बसलो. काचा काढायची वेळच आली नाही. त्याने दिवा एका उंच स्टँडवर चढवला, मी काड्या उचलल्या, तिसऱ्या फोटोत चमक गेली.

सासूबाई हसल्या नाहीत. परात नेली होती, तीत घरूनच थोडे हरभरे नेले होते. त्या मान खाली घालून खडे निवडत बसल्या आणि त्याने हाक मारली की तेवढ्यापुरत्या वर बघत. स्टॉलवर गिऱ्हाइकाने "ताजं आहे ना?" विचारलं की त्या जशा बघतात, अगदी तशाच. मला तोच फोटो हवा होता. लेबलवर त्या एकट्याच जाणार आहेत, स्टँडीवर दोघी. कपाळावरचं गोंदण तसंच ठेवायला सांगितलं, अण्णांचं वाचून.

पावतीवर खरंच "हक्क स्टुडिओकडे" छापलेलं होतं. मी बोट ठेवलं, त्याने काही न बोलता ते खोडलं आणि खाली सही केली.

सांगलीकर_अण्णा | ९:२०

गोंदण ठेवलंत, फार बरं वाटलं. लेबलचा पहिला नमुना आला की हिरव्यावर ते उठून दिसतंय का तेवढं बघा. छपाईत बारीक हिरवट रेघा आधी जातात.

नागलीवाली | ९:२६

सोमवारी नमुना येणार आहे. बघून सांगते.