हॉलच्या वाढीव बांधकामाबद्दल: शेजाऱ्यांच्या हरकती

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या हॉलवर मजला चढवण्याचा अर्ज कौन्सिलच्या (इथल्या नगरपालिकेच्या) संकेतस्थळावर आला आहे. हरकतींना २१ दिवसांची मुदत आहे आणि आसपासच्या बऱ्याच घरांनी विरोध नोंदवला आहे. तरी ब्रिटनभरच्या सर्व सभासदांनी पाठिंब्याची पत्रं ताबडतोब पाठवावीत. मजकूर सोबत जोडला आहे, खाली फक्त नाव-पत्ता घाला.
– चिटणीस

ताई, नमस्कार.
एकाच मजकुराची शंभर पत्रं लेस्टर-मँचेस्टरहून गेली, तरी नियोजन अधिकारी डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात. वाहतूक, पार्किंग, आवाज, शेजारच्या घरात कमी होणारा उजेड, हे धरलं जातं. ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ हे धरत नाहीत. काल बसून सगळ्या हरकती वाचल्या. किमतीचं एखाद्दुसऱ्यानेच लिहिलंय, बाकी सगळ्यांचा रोख गाड्यांवर आहे आणि तो रास्त आहे. गणपतीतल्या शनिवारी दोन्हीकडच्या फुटपाथवर गाड्या चढवलेल्या असतात. समोरच्या आजींच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कुणीतरी ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून गाडी लावली आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभं राहिलं. आजींना रात्रीची औषधं द्यायला येणारी बाई जागा शोधत घिरट्या घालत होती.

हर्टफर्डशरचं भक्तिवेदान्त मॅनर हे कृष्णमंदिर आठवा. १९७३ मध्ये बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने ती वास्तू इस्कॉनला दिली. जन्माष्टमीची गर्दी लेचमोर हीथ गावातून जायची, त्यावरून वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकज्जे झाले. १९९४ मध्ये हजारो भाविक लंडनच्या रस्त्यावर उतरले. १९९६ मध्ये परवानगी मिळाली ती गावाला वळसा घालणाऱ्या नव्या रस्त्यासकट. मोर्च्याचा दबाव होताच, पण गावाची तक्रार मिटवली त्या रस्त्याने.

आपणही आधी आपली बाजू नीट करू या. मागच्या खिडक्यांना दुधी काच लावू. सणाच्या दिवशी जवळच्या शाळेचं पार्किंग भाड्याने घेऊ, कोपऱ्यावर आपले स्वयंसेवक उभे करू. रात्री दहाला हॉल बंद, ही अट स्वतःहून अर्जात घालू. बाहेरचा ढोल-ताशाचा सराव थांबवू. अर्ज फेटाळला तर अपिलाला सहा महिने मिळतात, पण गाड्यांचा प्रश्न तिथेही आपल्यापुढे उभा राहणारच.
– इमारत समितीतला एक सभासद

दादा,
तयार मजकूर मागे घेते. मंडळी, पत्र लिहिणार असाल तर आपल्या शब्दांत लिहा: शनिवारची मराठी शाळा, ज्येष्ठांची बैठक, हॉल कशाला लागतो ते. दादा, रविवारी अकराला हॉलवर या, दोघं मिळून आधी समोरच्या आजींकडे जाऊ. काच, पार्किंग, दहाची वेळ, सगळं मान्य.

ढोलाचं मात्र पटत नाही. पोरं वर्षभर त्याची वाट बघतात. दुपारी, आत, दारं लावून सराव केला तर चालेल का, हे शेजाऱ्यांनाच विचारू या.
– चिटणीस