ईएसपी३२ वर एसी आणि हीटर: एसी सारखा चालू-बंद, शिवाय रिले चिकटतो

खोलीपारा:
एका खोलीसाठी ईएसपी३२ वर (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) थर्मोस्टॅट जोडलाय. इन्व्हर्टर स्प्लिट एसीला आयआर एलईडीने (रिमोटसारख्या अदृश्य प्रकाशाने) कमांड जाते. २००० वॅटचा ऑइल हीटर १० अँपिअरच्या निळ्या रिले मॉड्यूलवर (बोर्डाच्या सिग्नलने चालणारा स्विच) आहे. तापमानाला डीएचटी२२ सेन्सर, तोही ईएसपी३२ च्याच डब्यात. २५ अंशांच्या वर गेलं की एसी चालू, खाली आलं की बंद, असा साधा कोड आहे. पण एसी दर दोन-तीन मिनिटांनी चालू-बंद होतो. सेन्सर टेबलावरच्या थर्मामीटरपेक्षा जास्त दाखवतो. कोडमध्ये २ अंश वजा केले, तर फरक कधी दीड निघतो, कधी तीन. आणि मॉड्यूलवरचा दिवा विझला तरी हीटर कधीकधी चालूच राहतो. आधी काय हातात घेऊ?

चिमटा_सोल्डर:
हीटर. तो रिलेवरून आजच काढा, बाकीचं नंतर.

दिवा विझूनही हीटर चालू, याचा अर्थ रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटलेत. २३० व्होल्टवर २००० वॅट म्हणजे ८.७ अँपिअर, तेही तासन् तास. रिलेवर १० छापलेलं असलं तरी त्या मॉड्यूलचे पीसीबी ट्रॅक आणि स्क्रू टर्मिनल इतका करंट सतत सोसत नाहीत. टर्मिनलजवळचं प्लास्टिक पिवळं पडलंय का ते बघा. २५ अँपिअरचा कॉन्टॅक्टर (जड करंटसाठीचा मोठा रिले) घ्या आणि छोट्या रिलेने फक्त त्याची कॉइल चालवा. कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा (कपॅसिटर एक्स२ वर्गाचाच, म्हणजे घरच्या विजेवर थेट चालणारा), नाहीतर कॉइल सुटताना येणाऱ्या झटक्याने ईएसपी३२ रीसेट होईल.

हीटरच्या लाइनमध्ये सिरीजला एक साधा यांत्रिक रूम थर्मोस्टॅट टाकून २६ अंशांवर ठेवा. कोड अडकला, कॉन्टॅक्टर चिकटला, काहीही झालं तरी तो तोडेल. आराम कोडने सांभाळावा, सुरक्षितता तारेने.

दिवा मंद जळत राहून रिले सुटत नसेल, तर तो वेगळा आजार. मॉड्यूल ५ व्होल्टवर आणि पिन ३.३ वर, त्यामुळे पिन हाय असतानाही ऑप्टोकपलरवर (प्रकाशाने रिलेला सिग्नल देणारा भाग) १.७ व्होल्ट उरतात. जेडी-व्हीसीसीचा (रिले कॉइलच्या पुरवठ्याचा) जंपर काढा, व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ द्या. पिन २५, २६ किंवा २७ वापरा. ०, २, १२, १५ या बूटच्या पिना आहेत, बोर्ड सुरू होताना त्या वाचतो. १२ बूट होताना हाय राहिली तर बोर्ड सुरूच होत नाही.

गारवा_३८केएच:
आता एसीकडे. इन्व्हर्टर एसीला बाहेरून चालू-बंद करणं मुळातच उलटं आहे. त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी करून तापमान धरतो. तुम्ही तो बंद केलात की पुन्हा पहिल्यापासून जोर लावतो. एसी चालूच ठेवा आणि फक्त सेटपॉइंट (एसीवर ठरवलेलं तापमान) हलवा. तुमचा सेन्सर लक्ष्यापेक्षा अर्धा अंश वर असेल तर एसीचा आकडा १ ने खाली, अर्धा अंश खाली असेल तर १ ने वर. दोन बदलांत किमान १० मिनिटं.

हे साध्या ऑन-ऑफ एसीवर करणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: ०.५ ते १ अंशाचा हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतलं अंतर) आणि बंद झाल्यावर किमान ५ मिनिटं थांबणं, दोन्ही हवेत. थांबायचं यासाठी, की दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायच्या आत कॉम्प्रेसर सुरू केला तर तो अडकतो आणि ओव्हरलोड ट्रिप होतो. ईएसपीहोममध्ये (ईएसपी३२ साठीचं तयार सॉफ्टवेअर) 'मिन कूलिंग ऑफ टाइम' त्यासाठीच आहे. वीज जाऊन आल्यावरही हा वेळ मोजला जातो ना, ते तपासा.

एलईडी थेट पिनवर असेल तर निम्म्या कमांड पोचत नसतील. ५ व्होल्ट, ३३ ओहम, ९४० नॅनोमीटरचा एलईडी आणि खाली २एन२२२२ ट्रान्झिस्टर, बेसला १ किलोओहम. ३८ किलोहर्ट्झचा रिसीव्हरही कायमचा लावा. एसीचा रिमोट दर वेळी पूर्ण अवस्था पाठवतो (मोड, पंखा, तापमान), म्हणून कुणी हाताने रिमोट दाबला की तुमच्या कोडला ते कळायलाच हवं.

तारयंत्री:
सेन्सरचं राहिलं. ईएसपी३२ ची उष्णता वायफायच्या कामाप्रमाणे बदलते, म्हणून ठरावीक आकडा वजा करून भागत नाही. सेन्सर डब्याबाहेर, डब्याच्या खाली, १५-२० सेंटीमीटर तारेवर टांगा. वर नको, गरम हवा वरच जाते. जमिनीपासून दीड मीटर, आतल्या भिंतीवर, एसीच्या झोतापासून दूर. भिंतीतल्या पाइपातून तार आली असेल तर भोक सिलिकॉनने बुजवा, तिथूनही वारा येतो.

डीएचटी२२ अडकला की बरेच कोड शेवटचाच आकडा धरून बसतात. खोली १८ वर गोठलेली 'दिसते' आणि हीटर चालू राहतो. शेवटच्या यशस्वी वाचनाला ५ मिनिटं झाली की हीटर बंद, हा नियम घाला. एसएचटी३१ सेन्सर घेतलात तर बरं, पण आय-टू-सीची (त्याच्या डेटा जोडणीची) तार मीटरभराच्या आत ठेवा. लांब न्यायची असेल तर डीएस१८बी२० सेन्सर आणि ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर. सुरुवातीला येणारं ८५ अंश हे वाचन फेकून द्या.

खोलीपारा:
हीटर काढला, टर्मिनल खरंच पिवळं होतं. एसीला कमांड लागू झाली की नाही हे कसं ओळखायचं?

तारयंत्री:
झोताच्या तोंडाशी एक डीएस१८बी२०. चालू केल्यावर पाच-सात मिनिटांत तो खोलीपेक्षा किमान ५ अंश खाली गेला नाही तर कमांड पुन्हा पाठवा, तीनदा चुकली तर सूचना द्या. एकदा खोली गार झाली की हा फरक आपोआप कमी होतो, म्हणून ही तपासणी फक्त सुरुवातीला. करंट क्लॅम्पही (तारेभोवती लावून करंट मोजणारा सेन्सर) चालतो, पण तो एकाच फेज वायरभोवती हवा. पूर्ण केबलभोवती लावला तर जाता-येता करंट एकमेकांना खोडतात आणि वाचन शून्य येतं.

चिमटा_सोल्डर:
हीटर परत जोडण्याआधी तीन चाचण्या: चालू असताना सेन्सरची तार उपटा, राउटर बंद करा, वीज घालवून परत आणा. तिन्ही वेळी कॉन्टॅक्टर सुटायला हवा. अपवाद एकच: राउटर गेल्यावर सुटला नाही, तर बोर्डावरचा थर्मोस्टॅट स्वतःच्या सेन्सरवर चालत असेल तरच ते चालेल; निर्णय दुसऱ्या संगणकावरून येत असेल तर नाही.