विषय: गणपती सामान – गॅरेजमधली ६२ पाकिटं आणि ५ किमी

प्रेषक: ताई, माऊंट वेव्हर्ली (सामान समिती)
मंगळवार, ११ ऑगस्ट २०२०, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

पाकिटं भरून झाली. ६२ आहेत, गॅरेजमध्ये ओळीने लावून ठेवलीत, प्रत्येकावर नाव आणि सबर्ब. मोदकाचं पीठ १ किलो, गूळ, सुकं खोबरं, कापूर, वाती, जानवं, कापसाची वस्त्रं, अष्टगंध, सुपाऱ्या, खारका, हळकुंडं, म्हणजे गेल्या वर्षीचीच यादी.

ऑर्डर जुलैत दिली तेव्हा मेलबर्नमध्ये लॉकडाऊनचं स्टेज थ्री होतं आणि १५ तारखेला ज्याने त्याने येऊन घेऊन जायचं असं ठरलं होतं. आता २ तारखेपासून स्टेज फोर, म्हणजे आणखी कडक, घरापासून ५ किमीच्या बाहेर जायचं नाही. मी काल नकाशावर वर्तुळ काढून एकेक पत्ता बघितला, माझ्या ५ किमीत फक्त १९ घरं येतात. उरलेल्या ४३ जणांचं काय करायचं? हरतालिका २१ ला, चतुर्थी २२ ला.

आणि कृपया "गुपचूप येऊन घेऊन जाते" असे मेसेज मला एकटीला पाठवू नका. तिघींना मी हो म्हणून बसले आणि मग रात्रभर झोप नाही, कारण त्यांना रस्त्यात कुणी थांबवलं तर ते माझ्यामुळे. जे काय ते इथे लिहा.

---

प्रेषक: बापू, अ‍ॅशवुड
मंगळवार, रात्री १०:२५

ताई, मी सरकारी पान दोनदा नीट वाचलं. खरेदीला घरटी एकच माणूस, दिवसातून एकदा, ५ किमीच्या आत. वस्तू त्या अंतरात मिळतच नसेल तर जवळात जवळच्या दुकानापर्यंत जाता येतं. पण तुमचं गॅरेज हे दुकान नाही ना. कुणाच्या घरी जाणं म्हणजे भेट, आणि भेटीला सध्या परवानगीच नाही, मग घर १ किमीवर का असेना. म्हणजे त्या १९ घरांचंही कठीणच आहे. दंड १,६५२ डॉलर, आणि तो घेऊन जाणाऱ्याला.

मला आडकाठी करायची नाहीये. पण मंडळाच्या नावाने मेल जाते तेव्हा लोक ती परवानगी समजतात.

---

प्रेषक: नाना, क्लेटन
बुधवार, १२ ऑगस्ट, सकाळी ७:१०

मी सामानाचं काम चौदा वर्षं केलं त्यामुळे बोलतो. आम्ही माल कधीही कुणाच्या घरी उतरवला नाही. दुकानातून थेट हॉलवर, तिथे वही, वहीत सही, संपलं. यंदा गॅरेजमध्ये मागवायचं कुणी ठरवलं ते मला माहीत नाही, मला कुणी विचारलं नाही. दुकानदारालाच सांगायचं होतं की पाकिटं तुमच्याकडे राहू देत, लोक पैसे भरून क्लिक अँड कलेक्ट करतील, दुकानाला उघडं राहायची परवानगी आहेच.

मार्चमध्ये काय झालं ते आठवा. भारतात २५ मार्चला लॉकडाऊन लागलं आणि इथे कणकेची पोती दिसेनाशी झाली. एका दुकानात (नाव घेत नाही) मला त्याच पिशवीचे दुप्पट पैसे सांगितले, जिथे मी वीस वर्षं जातोय. तेव्हा ज्या दुकानदाराने माणशी एक पिशवी, जुन्याच भावात, असा नियम केला त्याच्याकडून मंडळाने यंदा माल घ्यायला हवा होता. तो सबर्ब सांगायला मी तयार होतो.

---

प्रेषक: ताई, माऊंट वेव्हर्ली
बुधवार, सकाळी ८:०२

नाना, त्यालाच विचारलं होतं. त्याच्याकडे जागा नाही. ४ चौरस मीटरला एक गिऱ्हाईक असा हिशेब धरला तर त्याच्या दुकानात एका वेळी नऊ माणसं मावतात, त्यात ६२ पाकिटं मधल्या वाटेत ठेवली की दीड मीटर अंतर राहतच नाही. तो म्हणाला, ताई, रांग पार बेकरीपर्यंत जाते, बेकरीवाला रोज भांडतो, अजून गर्दी नको. मला ते पटलं. तुम्हाला फोन करायला हवा होता हे मात्र खरं.

---

प्रेषक: वहिनी, टार्नीट
बुधवार, दुपारी १:१५

वेस्टची ११ पाकिटं आहेत त्यात. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, तुमच्या वर्तुळात यायचा प्रश्नच नाही. पण आमच्याकडे चालत जाण्याच्या अंतरावर तीन इंडियन ग्रोसरी आहेत, पीठ, गूळ, कापूर सगळं मिळतं. मग आमची पाकिटं ईस्टला का भरली? दरवर्षी मी म्हणते की वेस्टचं सामान वेस्टला घ्या, आणि दरवर्षी "पुढच्या वेळी बघू". सध्या आमच्या विंडहॅम भागाचे कोविडचे आकडे सगळ्यात वाईट आहेत, आम्ही दुकानात जाताना जीव मुठीत धरून जातो, बारा मिनिटांत बाहेर. आम्हाला काही आणून देऊ नका. पाकिटामागे २५ डॉलर परत करा, आम्ही इथे घेतो. फक्त जानवं आणि वस्त्रं इथे मिळत नाहीत, तेवढं कसं मिळेल ते बघा.

---

प्रेषक: क्लेटनची नर्स मैत्रीण
बुधवार, दुपारी ४:५०

मी आत्ताच उठले, नाइट चालू आहेत. माझ्याकडे हॉस्पिटलचं ओळखपत्र आहे, मला कुणी अडवत नाही. सकाळी साडेसातला सुटते, ताईंकडून दहा-बारा पाकिटं उचलून वाटेतल्या घरांच्या दारात ठेवू शकते. कुणाला भेटायचं नाही, नुसतं ठेवायचं.

---

प्रेषक: बापू, अ‍ॅशवुड
बुधवार, संध्याकाळी ५:३०

तुझ्या मनाचा मोठेपणा आहे, पण नको. ते ओळखपत्र कामावर जाण्यायेण्यासाठी आहे. वाटेत वाकडं वळण घेऊन मंडळाची पाकिटं वाटणं त्यात बसत नाही, आणि तुझी नोकरी पणाला लागेल.

---

प्रेषक: क्लेटनची नर्स मैत्रीण
बुधवार, संध्याकाळी ५:४८

बापू, नोकरीचं नाही हो. मेल पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी आठ तास कोविड वॉर्डात असते आणि तेच हात घेऊन साठीच्या पुढच्या माणसांच्या दारात जायचं म्हणते. मीच मागे घेते. माझ्या नावाचं पाकीट दुसऱ्या कुणाला द्या, मी २२ ला ड्यूटीवर आहे, घरी बाप्पा बसवत नाहीये यंदा. फोटोला फूल वाहीन.

---

प्रेषक: माई, बॉक्स हिल
बुधवार, रात्री ७:३५

कालपासून सगळं वाचते आहे. पिठासाठी एवढी धावाधाव कशाला? मी इथे आले १९८४ मध्ये, तेव्हा कुठली आली इंडियन ग्रोसरी. मोदक मात्र दरवर्षी केले. चिनी, व्हिएतनामी दुकानात थाई तांदळाचं पीठ मिळतं, पिशवीवर तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असतं. लाल छपाईची पिशवी घ्यायची. हिरवी मुळीच घेऊ नका, ते चिकट तांदळाचं असतं, मोदक वाफेवर बसतात. लाल पीठ आपल्यापेक्षा बारीक असतं म्हणून उकडीला पाणी वाटीला वाटी न घेता दोन चमचे कमी घ्यायचं, आणि झाकून दहा मिनिटं सोडून द्यायचं. तिथेच फ्रीजरमध्ये खवलेला नारळ मिळतो. असं दुकान बहुतेकांच्या ५ किमीत असेलच, बॉक्स हिल, स्प्रिंगवेल, फुटस्क्रे, सेंट अल्बन्स, सगळीकडे आहेत.

---

प्रेषक: डॅन्डिनाँगचे अण्णा
बुधवार, रात्री ८:१०

माई, थाई पिठाच्या मोदकाला पाकळी नीट येत नाही असा आमचा अनुभव, कळी उमटते पण सुटी राहत नाही. आंबेमोहराचं ते आंबेमोहराचं. आमच्याकडे बासमतीची कणी धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरला काढतात, दुपदरी कपड्याने चाळतात.

दुर्वांचं कुणी बोलतच नाहीये. इथे ज्याला काऊच ग्रास म्हणतात (उच्चार कूच) तीच आपली दुर्वा. पण ऑगस्टच्या थंडीत ती पिवळी पडून झोपते. उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या कडेला बघा, ऊन लागतं तिथे हिरवी सापडते. रुंद, लव असलेलं पान असेल तर ते किकुयू, ते घेऊ नका. तासाभराच्या व्यायामाला बाहेर पडाल तेव्हाच बघून ठेवा, वेगळं बाहेर पडायला नको.

---

प्रेषक: माई, बॉक्स हिल
बुधवार, रात्री ८:२२

अण्णा, पाकळी हाताला येते, पिठाला नाही. तेलाचं बोट लावून बघा.

---

प्रेषक: ताई, माऊंट वेव्हर्ली
गुरुवार, १३ ऑगस्ट, सकाळी ९:२०

माईंचं वाचून सुचलं. पीठ, गूळ, खोबरं हे ज्याने त्याने आपापल्या जवळच्या दुकानातून आणायचं. जे कुठेच मिळत नाही तेवढं पोस्टाने पाठवायचं. पोस्ट ऑफिस माझ्या घरापासून ९०० मीटरवर आहे आणि चालू आहे. आज सकाळी वजन करून बघितलं: जानवं, वस्त्रं, वाती आणि अष्टगंधाची पुडी मिळून १२५ ग्रॅमच्या आत बसतं, म्हणजे मोठ्या पत्राचं तिकीट, २.२० डॉलर. पण पत्राची जाडी २० मिलिमीटरच्या वर चालत नाही, त्यामुळे सुपाऱ्या आणि हळकुंडं काढावी लागतील. सुपारीऐवजी काय ठेवायचं?

---

प्रेषक: नाना, क्लेटन
गुरुवार, सकाळी ९:४१

कापूर घालू नका पोस्टात. ज्वालाग्राही पदार्थ आहे, चालत नाही. पूर्वी एकदा आपलंच खोकं परत आलं होतं त्यावरून. आणि आजच टाका. सध्या वेअरहाउसमध्ये दोन तृतीयांशच माणसांवर काम चाललंय, पत्रंही रेंगाळतात.

---

प्रेषक: माई, बॉक्स हिल
गुरुवार, सकाळी १०:०५

सुपारी नसेल तर अक्षता. अक्षतांची रास घालायची, वर फूल. आमच्या सासूबाई प्रवासात तसंच करायच्या. कापूर नाही तर तुपाची वात, आरती अडत नाही.

---

प्रेषक: मोनाशचा विद्यार्थी, क्लेटन
गुरुवार, दुपारी १२:३०

नमस्कार. मी मंडळाचा मेंबर नाही, आमच्या सीनियरने मला लिस्टवर अ‍ॅड केलंय, चुकीच्या ठिकाणी लिहीत असेन तर माफ करा. आम्ही पाच जण एका घरात राहतो. एकाची टेस्ट मंगळवारी पॉझिटिव्ह आली, त्यामुळे पाचही जण घरातच, दुकानातसुद्धा जाता येत नाही. सुपरमार्केटचा डिलिव्हरी स्लॉट सोमवारचा मिळालाय. पहिल्या दिवशी शीख स्वयंसेवकांच्या व्हॅनमधून जेवण आलं, खूप आधार वाटला. आता घरात तांदूळ आहेत पण डाळ, मीठ, कांदे संपलेत. रेस्टॉरंटमधलं काम मार्चपासून बंद आणि सरकारी भत्ता आम्हाला लागू नाही, म्हणून बाहेरून मागवणं परवडत नाही. ताईंच्या गॅरेजमध्ये जे पीठ उरेल त्यातलं थोडं विकत मिळेल का?

---

प्रेषक: ताई, माऊंट वेव्हर्ली
गुरुवार, दुपारी १२:३८

विकत नाही, तसंच मिळेल. पत्ता इथे लिहू नकोस, मला एकटीला पाठव. बापू, हे तरी चालेल का?

---

प्रेषक: बापू, अ‍ॅशवुड
गुरुवार, दुपारी १२:५५

हे चालतं. आजारी किंवा अडलेल्या माणसाला गरजेच्या वस्तू पोचवणं हे काळजी घेण्यात मोडतं, आणि त्याला ५ किमीची अटही नाही. दारात ठेवायचं, आत पाऊल टाकायचं नाही, मास्क, रात्री ८ च्या कर्फ्यूच्या आत परत. एकानेच जायचं. मी कालपासून नाही नाही म्हणतोय, यासाठी मात्र कुणी अडवलं तर मी स्वतः येऊन बोलेन.

---

प्रेषक: वहिनी, टार्नीट
गुरुवार, दुपारी १:२०

वेस्टच्या ११ पाकिटांचे पैसे परत नकोत. त्यातलं पीठ-गूळ त्या मुलांना द्या. मी आमच्या दहा जणांशी बोलले, सगळे हो म्हणाले. जानवं-वस्त्रांची पाकिटं मात्र पाठवा, एकत्र एकाच पत्त्यावर नको, ज्याच्या त्याच्या घरी.

---

प्रेषक: नाना, क्लेटन
गुरुवार, दुपारी ३:४५

त्या मुलांचं घर माझ्यापासून दीड किलोमीटरवर आहे, ताईंनी पत्ता दिला. ताईंकडे जायची गरज पडली नाही, सध्यापुरतं माझ्याच घरातून दिलं: तूरडाळ ३ किलो, मूगडाळ १ किलो, मीठ, कांदे, बटाटे, तेल, हळद, गोडा मसाला, तांदळाचं पीठ २ किलो. फाटकाच्या आत डावीकडे कचऱ्याच्या डब्याशेजारी खोकं ठेवलंय, बेल वाजवली नाही, जो आजारी आहे तो झोपला असेल. सोमवारी पुन्हा जाईन. तोवर काय लागेल ते मला सांगा, समितीला नको.

ताई, पत्रांवर पत्ते लिहायला तुम्ही एकट्याच आहात. यादी पाठवा, मी कॉम्प्युटरवर लेबलं करून पीडीएफ पाठवतो, तुम्ही छापून चिकटवा.

---

प्रेषक: ताई, माऊंट वेव्हर्ली
गुरुवार, संध्याकाळी ७:३०

नानांची लेबलं चारला आली, पाच वाजायच्या आत ६१ पत्रं टाकली. जवळच्या १९ जणांनाही पोस्टानेच, म्हणजे कुणी यायला नको. नर्सबाईंच्या पाकिटातलं सामान मी बाजूला ठेवलंय, पुढच्या वर्षी त्यांनाच द्यायचं आहे. १९ तारखेपर्यंत ज्याला पत्र मिळणार नाही त्याने कळवा, माझ्याकडे सहा जानवी जास्तीची आहेत.

---

प्रेषक: मोनाशचा विद्यार्थी, क्लेटन
गुरुवार, संध्याकाळी ७:५२

नाना, खोकं मिळालं. आज आमटी-भात केला, त्याला ताप आहे तरी दोन वेळा वाढून घेतलं. तांदळाच्या पिठाचं आई घावन करते ते आठवलं, पण तिकडे फोन लागत नाहीये. पीठ किती पातळ भिजवायचं?

---

प्रेषक: माई, बॉक्स हिल
गुरुवार, रात्री ८:००

ताकाइतकं पातळ, बाळा. मीठ घाल, अर्धा तास भिजू दे, पीठ खाली बसतं म्हणून दर वेळी ढवळून मग घाल. तवा चांगला तापला पाहिजे, कडेने आत ओतत यायचं, लगेच झाकण. पहिलं चिकटेल, ते काढून टाक आणि तव्यावर कांद्याची अर्धी फोड तेलात बुडवून फिरव. आजारी मुलाला गुळाबरोबर दे.