रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, तरी अपेंडिक्स असू शकतं का? (मुलगा, वय ८) मदत हवी आहे

बहिणीच्या मुलासाठी विचारतेय. आज पहाटे बेंबीभोवती दुखायला लागलं, एक उलटी झाली. दुपारपासून दुखणं उजवीकडे खाली सरकलंय. ताप नाही. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आवडीचा शिराही नको म्हणाला.

सर्जननी पोट दाबून पाहिलं, उजवीकडे हात लावला की कळवळतो. मग उडी मारायला सांगितली. एकच मारली आणि पोट धरून खाली बसला.

रक्त सकाळीच घेतलं होतं. पांढऱ्या पेशी ९,४००, न्यूट्रोफिल (त्यांतलाच एक प्रकार) ६८ टक्के, सीआरपी (शरीरात सूज असली की वाढणारं रक्तातलं प्रथिन) ५. लघवीत काही नाही. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही, गॅस आहे म्हणाले. सर्जन म्हणतात ॲडमिट करा, रात्री रक्त आणि सोनोग्राफी परत करू. दाजींचं म्हणणं, सगळं नॉर्मल आहे तर सलाईन कशाला, घरी नेऊन ओवा देऊ. ताई रडकुंडीला आलीये. कुणाला नीट माहिती असेल तर प्लीज लवकर सांगा.

प्रतिसाद १
घरी नेऊ नका. मी बालरोग विभागात काम करते म्हणून कळकळीने लिहितेय. सीआरपी ठळक वाढायला १२ ते २४ तास जातात, तुमचं रक्त दुखणं सुरू झाल्यावर काही तासांतच घेतलंय. पेशीही सुरुवातीला नॉर्मल असू शकतात. उलट टॉन्सिल किंवा न्यूमोनियातही पेशी वाढतात, म्हणजे वाढलेला आकडासुद्धा एकट्याने काही सिद्ध करत नाही.

मुलांसाठी १० गुणांचा एक स्कोअर वापरतात. त्यात रक्ताला फक्त २ गुण आहेत: पेशी १०,००० च्या वर असतील तर १, न्यूट्रोफिल वाढले असतील तर १. बाकीचे ८ लक्षणांचे आणि तपासणीचे. उजवीकडे दाबल्यावर दुखणं २, उडी मारल्यावर किंवा खोकल्यावर तिथेच दुखणं २, दुखणं सरकणं, उलटी, भूक नसणं प्रत्येकी १. तुम्ही लिहिलंय त्यावरून रक्ताचे शून्य धरूनही ७ होतात, आणि ७ म्हणजे सर्जनने बघायलाच हवं. निदान तुमचे सर्जनच करतील, पण ते उगाच थांबवत नाहीयेत एवढं दाजींना नक्की सांगा.

प्रतिसाद २
ओवा, एरंडेल, एनिमा काहीही नको. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणीसुद्धा देऊ नका, ऑपरेशन करावं लागलं तर पोट रिकामं लागतं. दुखणं एकदम थांबलं आणि नंतर पोट कडक झालं किंवा ताप चढला तर सिस्टरना लगेच हाक मारा, अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं.

धागाकर्ती
दोघींचेही खूप आभार. उडीचं आणि गुणांचं दाजींना वाचून दाखवलं, ॲडमिशनच्या फॉर्मवर सही केली त्यांनी. सीआरपी रात्री किती वाजता परत करायला सांगू, की तेच ठरवतील?

प्रतिसाद १
तेच ठरवतील. मधूनमधून पोट तपासायलाही येतील, तेव्हा दुखणं वाढलंय की कमी झालंय ते मुलालाच सांगू द्या. दोन्ही रिपोर्ट जवळ ठेवा, आकडा किती वाढला ते बघायला लागेल.