अनुभव हवेत: गावाकडच्या रान माजलेल्या कबरी आणि आपले पूर्वज

ओढ्याकाठचा

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव नेवासे तालुक्यातलं. ओढ्याच्या कडेला ख्रिस्ती दफनभूमी आहे, पण वेड्या बाभळीने आणि घाणेरीने असं रान माजलंय की शेळ्या सोडल्या तर आत कुणी शिरत नाही. पणजोबा तिथेच कुठेतरी आहेत. घरात त्यांचा ना फोटो, ना दाखला. येत्या मे महिन्यात चुलत भावंडं मिळून साफसफाई करायचं ठरतंय. ज्यांनी असा उद्योग केलाय त्यांनी लिहा: दगड कसे वाचलेत, नाव सापडल्यावर कुठल्या दप्तरात शोधलंत, कुठे नन्नाचा पाढा ऐकावा लागला. जात-धर्म कुठलाही असो, पुरायची रीत असलेल्या सगळ्यांनी लिहा.

अश्दोदची नात

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. जन्म मुंबईचा, आता राहते इस्राएलमधल्या अश्दोदला. आजोबांकडचे सगळे अलिबाग तालुक्यातले. 1948 नंतर एकेक घर इस्राएलला निघून आलं आणि कबरस्तानं मागे राहिली. आमचं शोधत गेले तेव्हा वाटेत एका आजीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शनवार तेल्यांचं ना? त्या ताडांच्या मागं." तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव. घाणे जाऊनही कितीतरी वर्षं झाली.

आता दगडाचं. सर्वांत वर दोन हिब्रू अक्षरं, पे आणि नून, म्हणजे 'इथे पुरलं आहे'. त्याखाली हिब्रू नाव बापाच्या नावासकट, आणि तळाला मराठीत घरचं नाव. घोळ इथे होतो, कारण दोन्ही नावं वेगळ्या माणसांची वाटतात. मुंबईत 1796 मध्ये बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर घ्या. इंग्रजी पुस्तकांत तेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. ही जोडी ठाऊक नसेल तर एका खापरपणजोबांचे दोन होतात.

सालाचं गणित सोपं आहे. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते आणि हजार बहुधा गाळतात. पणजीच्या दगडावर ताव, रेश, सामेख आहे, म्हणजे 400, 200, 60. या 660 मध्ये 1240 मिळवले की 1900. पण हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं, आणि महिना होता किसलेव, हिवाळ्याच्या तोंडाचा. म्हणून एक वजा, 1899. खाली मराठीत शके 1821 होतंच, त्यात 78 मिळवले तरी 1899. जुळलं तेव्हा भर उन्हात तिथेच बसकण मारली.

आणखी एक. नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं मूळ गाव सांगतात, कबरीचं नाही. घाणा जिथे चालला तिथे बिऱ्हाड. आडनावाच्या गावी काही मिळालं नाही तर आसपासची गावं बघा. मला खरी वाट दाखवली ती इकडच्या लोद आणि दिमोना गावांतल्या आमच्या म्हाताऱ्या बायकांनी. फोनवर अस्सल कोकणी हेल काढून अर्धा तास नाती उलगडतात, मध्येच पुरणपोळीवर जातात, पण कोण कुणाची जाऊ हे चुकत नाहीत.

जांभ्याचा चिरा

दापोलीकडचा आहे. आमच्याकडे इंग्रजांच्या लष्करी कॅम्पातल्या गोऱ्यांच्या कबरी. त्यांच्या वंशजांना दप्तर विलायतेतच मिळतं, कारण मुंबई इलाख्यातल्या दफनांच्या नोंदींची नक्कल लंडनला जायची. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहे, पुष्कळदा मृत्यूच्या कारणासकट. आपल्या माणसांसाठी अशी सोय कुणी केली नाही, ते असो.

दगड वाचण्याबद्दल: तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, फरशी धुण्याची पावडर यांतलं काहीही लावू नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश. खडू किंवा कोळसा चोळणंही टाळा. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, किरणं तिरपी पडली की बुजलेली अक्षरं उठून येतात. दुपारी जायची वेळ आली तर आरशाने बाजूने उजेड टाका. संगमरवरावर शिशाची अक्षरं बसवलेली असत. ती गळून पडली तरी ती ठोकायला पाडलेली बारीक भोकं राहतात. प्रत्येक अक्षराच्या भोकांची मांडणी वेगळी, त्यावरून मी एक अख्खं नाव लावलंय. पायात बूट, हातात काठी. पाऊस पडून गवत वाढलं की जाऊच नका.

सोलापुरी

आम्ही लिंगायत. आमच्याकडे बसवून पुरतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. आजवरच्या बहुतेक समाध्या शेताच्या बांधाला, त्यावर नाव वगैरे काही नाही. दगड वाचायचा प्रश्नच मिटला. आमची वंशावळ हेळव्याकडे. बैल घेऊन दारात येतो आणि वही उघडून पिढ्या म्हणतो. धान्य, जमलं तर कपडा दिला जातो. आमच्या हेळव्याच्या वहीत मुलींची नावं नाहीत, त्यामुळे आजीचं माहेर अजून लागलेलं नाही. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

निवृत्त भाऊसाहेब

तलाठी म्हणून नोकरी केली, म्हणून दोन शब्द. गाव नमुना 14 मागा. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात, जुन्या पुष्कळशा मोडीत. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा आणि अर्जात गाव आणि अंदाजे साल टाका. नुसतं नाव घेऊन गेलात तर "सापडत नाही" हेच ऐकाल. कुणबी नोंदींसाठी 2023 पासून ही दप्तरं बाहेर निघाली, बरीच स्कॅन झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. त्याचा फायदा घ्या.

सोलापुरी ताई/दादा, आजीसाठी जमिनीचे फेरफार बघा. वारस नोंदीत विधवा आणि मुली येतात. तिचे भाऊ वारले तेव्हा तिच्या माहेरच्या गावात फेरफार झाला असेल, तर त्यात "बहीण" म्हणून ती सापडू शकते. हेळव्याला विचारून आसपासच्या सोयऱ्यांची गावं आधी काढा.

आणि ओढ्याकाठच्या भावा, कुऱ्हाड लावायच्या आधी सातबारा काढ. जागा दफनभूमी म्हणून लागली आहे, गायरान आहे की कुणाच्या खाजगी गटात, हे बघ. ग्रामपंचायतीला लेखी कळव आणि पोच घे. साफसफाईला जाऊन अतिक्रमणाची तक्रार अंगावर आलेली मी पाहिली आहे.

नगरची लेक

ओढ्याकाठच्या दादा, नेवाशाचे म्हणजे बहुधा वडाळा मिशन. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला 1831 पासूनचं. 1970 मध्ये ती मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील झाली, तेव्हा जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात गेली ते पाळकसाहेबांनाच विचारावं लागतं. आमच्या मंडळीत दफनाची वही वाळवीने खाल्ली होती, बाप्तिस्म्याची मात्र शाबूत. तिथे आमच्या आजोबांच्या वडिलांचं आधीचं नाव, बापाचं नाव आणि गाव असं तिन्ही मिळालं. 'ज्ञानोदय' 1842 ला नगरलाच सुरू झालं, त्याच्या जुन्या अंकांत मृत्यूच्या बातम्या आहेत, पाळक आणि शिक्षकांच्या जास्त. मिशनऱ्यांची पत्रं आणि अहवाल अमेरिकेत, हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत.

1899-1900 च्या दुष्काळात कुणी अनाथाश्रमात आलं असेल तर आडनाव तिथूनच सुरू झालेलं असू शकतं. आमच्यात एका शाखेचं तसंच आहे. त्याच्या मागे जायला अजून तरी रस्ता मिळालेला नाही.

ओढ्याकाठचा

सगळ्यांचे आभार. भाऊसाहेब, सातबारा काढला. गट एका खाजगी नावावर निघाला, इतर हक्कात दफनभूमीचा उल्लेख नाही. मालक पुण्याला असतात, फोनवर बोलले, परवानगी द्यायला तयार आहेत, लेखी मात्र नको म्हणतात. आता लेखी घेतल्याशिवाय पुढे जावं का? आणि वडाळ्याच्या बाजूला कुणी मोडी वाचणारं असेल तर कळवा.